लाइव्ह कॅप्शनसाठी आवाजाची जोडणी: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

पडद्यावरची कॅप्शन चुकायला लागली की सगळ्यांचं बोट आधी सॉफ्टवेअरकडे जातं, नाहीतर कॅप्शन टाइप करणाऱ्या माणसाकडे. माझा अनुभव असा की घोळ बहुतेक वेळा त्याच्या आधीच झालेला असतो, माइक आणि कॅप्शनचा लॅपटॉप यांच्या मधल्या वाटेत. सभागृहातल्या श्रोत्याला वक्त्याचे ओठ दिसतात, विषय ठाऊक असतो, एखादा शब्द निसटला तरी तो अंदाजाने भरून काढतो. कॅप्शन करणाऱ्या यंत्राला हे जमत नाही. दूर बसून टाइप करणाऱ्या व्यक्तीलाही हेडफोनमधून जे येईल तेवढंच कळतं. आणि ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी पडद्यावर उमटतं तेच भाषण. म्हणून सभागृहाच्या स्पीकरचा जितका विचार करता तितकाच या आवाजाचा करा, आणि तो वेगळा करा.

आयोजकांना हे पटवावं लागलं तर एक गोष्ट सांगता येते: वेबवरचा मजकूर अपंग व्यक्तींनाही वापरता यावा यासाठीच्या डब्ल्यूसीएजी निकषांत, २००८ साली आलेल्या २.० आवृत्तीपासूनच, थेट दाखवल्या जाणाऱ्या ध्वनिचित्रफितीला कॅप्शन असणं ही ‘एए’ (तीनपैकी मधल्या) पातळीची अट आहे. कार्यक्रम ऑनलाइन दाखवणार असाल तर हे काम आधीपासून नियोजनात हवं.

आधी कागद घ्या

कॅप्शन कोण करणार ते पहिल्यांदा ठरवा. लॅपटॉपवरचं स्वयंचलित सॉफ्टवेअर करणार, सभागृहात बसलेली व्यक्ती करणार, की दुसरीकडून इंटरनेटवर ऐकणारी व्यक्ती? आवाज घेण्याची पद्धत तिन्हींत जवळपास सारखीच आहे, फरक शेवटच्या टप्प्यात पडतो. सभागृहात बसून टाइप करणाऱ्या व्यक्तीला स्पीकरच्या आवाजावर सोडू नका, तिच्या टेबलापर्यंत हेडफोनची वेगळी लाइन न्या. ती व्यक्ती दूर असेल तर ‘आवाज येत नाहीये’ हे तिला लगेच कळवता येईल असा चॅटचा किंवा फोनचा मार्ग आधीच ठरवून ठेवा.

मग कार्यक्रमात कुठून कुठून बोललं जाणार आहे ते सगळं लिहून काढा. व्यासपीठावरचा पोडियम माइक, वक्त्याचा कॉलर माइक, चर्चेसाठी हातातले माइक हे पटकन आठवतात. राहून जातात ती तीन ठिकाणं: प्रेक्षकांतून येणारे प्रश्न, सादरीकरणाच्या लॅपटॉपवर मध्येच लागणारा व्हिडिओ, आणि ऑनलाइन जोडले जाणारे वक्ते. या तिन्हींचा आवाज कॅप्शनपर्यंत कसा पोहोचेल ते प्रत्येकासमोर लिहा. एखाद्यासमोर काहीच लिहिता आलं नाही, तर कार्यक्रमात तिथे पडदा रिकामा राहणार हे पक्कं समजा.

माइक

मिक्सर (सगळे आवाज एकत्र करणारं यंत्र), केबल, सॉफ्टवेअर याबद्दल लोक तासन्‌तास बोलतात, पण माइकने जे ऐकलंच नाही ते पुढे कोणीही परत आणू शकत नाही. तोंड आणि माइक यांतलं अंतर दुप्पट झालं की थेट आवाज साधारण ६ डेसिबलने कमी होतो. म्हणजे १५ सेंटिमीटरवरचा माइक ६० सेंटिमीटरवर गेला तर १२ डेसिबल गेले. खोलीतला घुमारा मात्र तेवढाच राहतो. साउंड ऑपरेटर गेन (माइकचा आवाज मोठा करण्याचं प्रमाण) वाढवतो, त्याबरोबर घुमाराही वाढतो आणि कॅप्शनमध्ये शब्द एकमेकांत मिसळायला लागतात.

वक्ता फिरत बोलणारा असेल तर माझी पहिली पसंती गालाजवळ येणाऱ्या हेडसेट माइकला. डोकं कुठेही वळलं तरी त्याचं अंतर बदलत नाही. कॉलर माइक दुसऱ्या क्रमांकावर. तो छातीच्या मध्यावर लावा, ओढणी, माळ किंवा ओळखपत्राची दोरी त्यावर घासणार नाही याची खात्री करा. वक्ता वळून पडद्याकडे बघत बोलणार असेल तर ज्या बाजूला तो वळतो त्या बाजूच्या कॉलरवर लावा. हातातला माइक उत्तम, पण तो हनुवटीजवळ धरायचा हे प्रत्येकाला मंचावर जाण्याआधी सांगावं लागतं. जाळी मुठीत धरू नका हेही सांगा, कारण त्याने माइक सगळीकडचा आवाज घ्यायला लागतो आणि शिट्टी मारतो.

चर्चासत्रात पाच-सहा माइक एकदम उघडे राहिले तर खोलीचा आवाज पाच-सहा ठिकाणांहून आत येतो. उघड्या माइकची संख्या दुप्पट झाली की शिट्टी वाजण्याआधी आवाज जितका वाढवता येतो, ती जागा सुमारे ३ डेसिबलने घटते. एकतर ऑपरेटरने बोलणाऱ्याचाच माइक उघडा ठेवावा, नाहीतर मिक्सरवरचं ऑटोमिक्स वापरावं. डॅन ड्युगन यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेली ही पद्धत आता बऱ्याच डिजिटल मिक्सरमध्ये असते. बोलणाऱ्याचा माइक वर आणि बाकीचे खाली, हे ती आपोआप सांभाळते, आणि कॅप्शनसाठी तिचा खरोखर फायदा होतो.

प्रेक्षकांच्या प्रश्नांसाठी माइक घेऊन फिरणारी व्यक्ती नेमा. ‘माझा आवाज मोठा आहे, माइक नको’ म्हणणाऱ्यांना हसून, पण ठामपणे माइक द्या. तेही शक्य नसेल तर सूत्रसंचालकाने प्रश्न माइकवर पुन्हा सांगायचा, हे आधी ठरलेलं असू द्या.

मिक्सरकडून नेमकं काय मागायचं

इथे नवखे लोक हमखास ‘मेन आउट द्या’ म्हणतात. मेन आउटमध्ये सभागृहासाठी केलेलं मिश्रण असतं. खणखणीत आवाजाच्या वक्त्याला तिथे मुद्दाम खाली ठेवलेलं असतं, कारण त्याचा आवाज खोलीत तसाही पोहोचतो. वर पार्श्वसंगीत असतं, कधी गाण्यासाठी लावलेला रिव्हर्बही (कृत्रिम घुमारा) असतो. हे सगळं कॅप्शनला नको. तुम्हाला हवी एक स्वतंत्र ऑक्स लाइन, म्हणजे मिक्सरमधून वेगळं मिश्रण बाहेर काढणारी वाट: मोनो (एकाच चॅनलची), आणि त्यात फक्त बोलण्याचे माइक आणि व्हिडिओचा आवाज.

साउंडवाल्यांना हे कार्यक्रमाच्या दिवशी नाही, आदल्या दिवशी किंवा त्याआधी सांगा. असं म्हटलं तरी पुरतं: ‘दादा, कॅप्शनसाठी एक ऑक्स लागेल. मोनो, लाइन लेव्हल. बोलायचे सगळे माइक आणि लॅपटॉपचा ऑडिओ त्यात हवा, संगीत आणि इफेक्ट नको.’ या भाषेत सांगितलं की बहुतेक ऑपरेटर लगेच ऑक्स नेमून देतात आणि त्यावर पट्टी चिकटवून ‘कॅप्शन’ लिहूनही ठेवतात.

मग ते विचारतील, प्री-फेडर की पोस्ट-फेडर? फेडर म्हणजे चॅनलची पातळी वरखाली करणारी सरकपट्टी; प्री म्हणजे तिच्या आधी घेतलेला आवाज, पोस्ट म्हणजे तिच्या नंतर. प्री-फेडरमध्ये ऑपरेटरने सभागृहासाठी फेडर वरखाली केला तरी तुमची पातळी हलत नाही. ऐकायला हे फार छान वाटतं. पण त्यात एक मोठा धोका आहे. वक्ता भाषण संपवून कडेला गेला, कॉलर माइक अजून अंगावर आहे, ऑपरेटरने फेडर फक्त खाली ओढला. सभागृहात शांतता. आणि त्या वक्त्याने शेजारच्याला हळूच सांगितलेली खासगी गोष्ट पडद्यावर मोठ्या अक्षरांत शब्दशः उमटते आहे. त्या माणसाचा विश्वास एकदा मोडला की परत मिळत नाही. म्हणून मिक्सरवर एकच ऑपरेटर असेल तर मी पोस्ट-फेडर मागते. सभागृहाला ऐकू येतं तेच कॅप्शनला, ही मर्यादा मला चालते.

लहान खोली असेल आणि मोठ्या आवाजाच्या वक्त्याला फेडरवर खूप खाली ठेवावं लागणार असेल, तर मात्र प्री-फेडर घ्या. अनेक डिजिटल मिक्सरवर म्यूट दाबल्यावर प्री-फेडर लाइनही बंद होईल अशी सेटिंग असते. ती चालू आहे का ते ऑपरेटरला विचारा, आणि माइक बंद करताना फेडर ओढण्याऐवजी म्यूटच दाबायचं असं त्यांच्याशी ठरवून घ्या.

आणखी थोडं: बोलण्याच्या चॅनलवर ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापणारा हाय-पास फिल्टर चालू असू द्या, पंख्याची घरघर आणि मंचावरची धपधप त्याने जाते. हलका कंप्रेसर (मोठ्या आणि लहान आवाजातला फरक कमी करणारा) चालेल. नॉइज गेट (आवाज ठरावीक पातळीखाली गेला की लाइन बंद करणारा) नको. तो उघडायला क्षणभर घेतो आणि प्रत्येक वाक्याचं पहिलं अक्षर खातो.

केबल आणि पातळी

मिक्सरची लाइन लेव्हल आणि माइकची लेव्हल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. व्यावसायिक लाइन पातळी म्हणजे अधिक ४ डीबीयू, सुमारे १.२३ व्होल्ट. घरगुती उपकरणांची लाइन पातळी उणे १० डीबीव्ही, सुमारे ०.३२ व्होल्ट. माइकमधून येतात ते जेमतेम काही मिलिव्होल्ट. लॅपटॉपच्या कडेला असलेलं ३.५ मिलिमीटरचं भोक बहुतेक वेळा हेडसेटसाठी असतं आणि त्याला माइकच्या पातळीची अपेक्षा असते. मिक्सरची लाइन थेट त्यात घातली तर आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज सॉफ्टवेअरमध्ये कितीही खाली केला तरी फाटलेलाच राहतो.

म्हणून मध्ये यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या, म्हणजे मिक्सरचा आवाज यूएसबीवरून लॅपटॉपला देणारी पेटी. साधा, दोन इनपुटचाही चालेल. बऱ्याच इंटरफेसवर जोड सॉकेट असतं: त्यात एक्सएलआर (माइकची तीन पिनांची जोडणी) घातली तर ती माइकच्या सर्किटला जाते आणि ६.३५ मिलिमीटरचा मोठा जॅक घातला तर लाइनला. मिक्सरच्या ऑक्समधून येणारी केबल म्हणून एका टोकाला एक्सएलआर आणि इंटरफेसच्या टोकाला टीआरएस जॅक (तीन भागांचा तोच मोठा जॅक) अशी असावी. इंटरफेसवर ‘इन्स्ट’ बटण (गिटारसारख्या वाद्यांसाठीचं) असेल तर ते बंद, माइकला वीज पुरवणारं ४८ व्होल्टचं फँटम पॉवरही बंद. जोडणी पहिल्या क्रमांकाच्या इनपुटला करा. काही सॉफ्टवेअर फक्त पहिला चॅनल वाचतं आणि दुसऱ्यात घातलेला आवाज त्याला दिसतच नाही.

एक सापळा नीट समजून घ्या, कारण त्यात अडकलेला माणूस तासभर नुसत्या केबली बदलत बसतो. बॅलन्स्ड लाइनमध्ये एकच आवाज दोन तारांवरून जातो, एकीवर सरळ आणि दुसरीवर उलटा. अशी केबल साध्या अडॅप्टरने स्टीरिओ इनपुटला जोडली की सरळ आवाज डाव्या चॅनलला आणि उलटा उजव्याला जातो. हेडफोन लावून ऐकलं तर आवाज येतो, जरासा विचित्र, पण येतो. मीटरही हलतो. मग कॅप्शनचं सॉफ्टवेअर दोन्ही चॅनल एकत्र करून मोनो बनवतं, सरळ आणि उलटा एकमेकांना खाऊन टाकतात, आणि हातात येते शांतता. मीटर हलतोय, कानाला ऐकू येतंय, आणि कॅप्शन मात्र एक शब्दही उमटवत नाही असं दिसलं, तर आधी हे तपासा. उपाय सोपा आहे: बॅलन्स्ड लाइन बॅलन्स्ड इनपुटलाच जोडा, नाहीतर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (तारांचा थेट संबंध तोडून फक्त आवाज पुढे नेणारी डबी) घ्या.

गुणगुण ऐकू येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर क्षणभर काढून बघा. गुणगुण थांबली तर अर्थिंगची दोन टोकं आवाजाच्या केबलमधून एकमेकांना भेटताहेत. इथेही तोच आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा डीआय बॉक्सचं (लॅपटॉपसारख्या उपकरणाचा आवाज मिक्सरला जोडणाऱ्या डबीचं) ग्राउंड-लिफ्ट बटण कामी येतं. प्लगची अर्थिंगची पिन तोडून हा प्रश्न सोडवू नका. त्यात जिवाला धोका आहे.

लॅपटॉपवर

ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आणि कॅप्शनच्या सॉफ्टवेअरमध्येही, दोन्हीकडे इनपुट म्हणून इंटरफेस स्वतः निवडा. ‘डिफॉल्ट’वर सोडू नका, कोणी हेडफोन जोडले की डिफॉल्ट बदलतं. ब्राउझरमध्ये चालणारं कॅप्शन असेल तर त्या पानाला दिलेल्या माइकच्या परवानगीत कोणतं उपकरण निवडलेलं आहे तेही उघडून बघा.

खरोखर इंटरफेसच ऐकला जातोय का, हे बघायची एक खात्रीची पद्धत आहे. मिक्सरवर सगळं म्यूट करून लॅपटॉपच्या अंगावर कीबोर्डच्या वर बोटाने हलके टकटक करा. सॉफ्टवेअरचा मीटर उडाला, तर तुम्ही लॅपटॉपच्या आतल्या माइकवर आहात. अशा वेळी कॅप्शन चालतात, बरी वाटतात, आणि सभागृह भरलं की कोसळतात. म्हणून ही टकटक प्रत्येक वेळी करा.

स्वच्छ लाइन मिळत असेल तर आवाज ‘सुधारणाऱ्या’ सगळ्या सोयी बंद करा: नॉइज सप्रेशन, इको कॅन्सलेशन, ऑटोमॅटिक गेन. झूममधून आवाज पाठवत असाल तर ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा. गूगलच्या स्पीच-टू-टेक्स्ट सेवेच्या सूचनांमध्येही नॉइज रिडक्शन आणि ऑटो गेन नको असंच सांगितलेलं आहे, आणि सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात) १६ किलोहर्ट्झ किंवा जास्त ठेवायला सांगितलं आहे. इंटरफेस आणि सिस्टिम दोन्हीकडे ४८ किलोहर्ट्झ ठेवलं की हा विषय संपतो.

ब्लूटूथ इअरफोनचा माइक या कामात वापरू नका. त्याचा माइक चालू झाला की जोडणी बोलण्याच्या मोडमध्ये जाते, आणि तिथे सॅम्पल रेट बहुधा ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर येतो. जुन्या पद्धतीच्या फोन कॉलचीही तीच अडचण: सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्याबाहेरचं सगळं तो टाकून देतो. स, श, फ यांसारख्या व्यंजनांचा बराच जोर त्याहून वर असतो. ‘सात’ आणि ‘हात’ वेगळे ठेवायचे तर तो भाग लागतो.

पातळी अशी लावा की वक्ता जोरात बोलला तरी मीटरचं टोक उणे १२ ते उणे ६ डीबीएफएसच्या (डिजिटल मीटरचं एकक, त्यात शून्य ही कमाल पातळी) मध्ये राहील. शून्याला कधीच टेकू देऊ नका. शेवटी, सूचनांचे आवाज बंद, स्लीप मोड बंद, चार्जर लावलेला. इंटरनेट केबलने, वायफायने नाही. १६ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो आवाज कॉम्प्रेस न करता पाठवला तरी सेकंदाला २५६ किलोबिट पुरतात, त्यामुळे वेगापेक्षा न तुटणारी जोडणी महत्त्वाची.

व्हिडिओ आणि दूरचे वक्ते

सादरीकरणाच्या लॅपटॉपचा आवाज डीआय बॉक्समधून मिक्सरला घ्या, म्हणजे तो आपोआप तुमच्या ऑक्समध्येही येतो. ऑनलाइन वक्त्याचा आवाजही तसाच मिक्सरला येऊ द्या, पण त्याच्याकडे परत जाणाऱ्या लाइनमधून त्याचा स्वतःचा आवाज वगळा. याला मिक्स-मायनस म्हणतात. तो केला नाही तर वक्त्याला आपलंच बोलणं उशिरा ऐकू येतं, तो अडखळतो आणि कॅप्शनमध्ये वाक्यं दोनदा येतात.

कार्यक्रम पूर्ण ऑनलाइन असेल तर मिक्सर लागत नाही. मीटिंगचा आवाज कॅप्शनच्या सॉफ्टवेअरपर्यंत न्यायला व्हर्च्युअल केबल पुरते: विंडोजवर व्हीबी-केबल, मॅकवर ब्लॅकहोल. मीटिंगचा आउटपुट तिकडे वळवला की तुमच्या कानांना काही ऐकू येत नाही, म्हणून मॅकवर ऑडिओ मिडी सेटअपमध्ये मल्टी-आउटपुट डिव्हाइस बनवून हेडफोनही त्यात घ्या. विंडोजवर त्या केबलच्या ‘लिसन’ टॅबमधून तेच साधतं.

चाचणी, आणि कार्यक्रम चालू असताना

चाचणी मिक्सरपाशी उभं राहून करू नका. हेडफोन कॅप्शनच्या लॅपटॉपला लावा, म्हणजे साखळीच्या शेवटच्या टोकाला. एका व्यक्तीला प्रत्येक माइकपाशी जाऊन त्या माइकचं नाव बोलायला सांगा: ‘पोडियम’, ‘पाहुणे एक’, ‘प्रेक्षक माइक’. पडद्यावर ते नाव उमटलं की कागदावरच्या यादीत बरोबरची खूण. ‘हॅलो, चेक, वन-टू’वर थांबू नका; कार्यक्रमातली खरी नावं आणि पारिभाषिक शब्द असलेली दोन-चार वाक्यं वाचायला लावा. ही शब्दांची यादी टाइप करणाऱ्या व्यक्तीला आधीच पाठवा. सॉफ्टवेअरमध्ये शब्दसंग्रहाची सोय असेल तर तिथेही भरा. व्हिडिओ खरोखर लावून बघा, सादरीकरणाच्याच लॅपटॉपवरून.

पर्यायी सोय हाताशी ठेवा. दुसरी केबल, दुसरा इंटरफेस, आणि मंचाजवळ टेबलावर ठेवलेला एक साधा यूएसबी माइक. ऑक्स लाइन गेली तर त्या माइकवरून कॅप्शन खराब येतील, पण येतील, आणि तेवढ्यात लाइन दुरुस्त करता येईल.

कार्यक्रम चालू असताना एक माणूस फक्त हेडफोन लावून पडदा वाचत बसलेला हवा. त्याला दुसरं कुठलंही काम देऊ नका. ऑपरेटरशी हाताच्या दोन खुणा ठरवून घ्या, एक ‘पातळी वाढवा’, एक ‘लाइन गेली’. आवाज गेला तर पडद्यावर ‘आवाजात अडचण आहे, दुरुस्ती सुरू आहे’ असं टाइप करून टाका. वाचणाऱ्याला निदान कळतं की बोलणं चालू आहे आणि आपल्यापर्यंत पोहोचत नाहीये; कोरा पडदा बघत राहिलेल्या माणसाला हेही कळत नाही.

आवरताना सगळं उपटण्याआधी मिक्सरच्या मागच्या जोडण्यांचे आणि इंटरफेसच्या नॉबचे फोटो काढा, आणि डिजिटल मिक्सर असेल तर ऑपरेटरला सीन (मिक्सरच्या सगळ्या सेटिंग) सेव्ह करायला सांगा. पुढच्या कार्यक्रमाला त्याच सभागृहात आलात तर तुमचं अर्धं काम झालेलं असेल.